सख्खी नाही, चुलत

हसीनाआत्याची बोटं वाचली, आमचा ड्रम विकावा लागला नाही आणि आण्णा तुरुंगात गेले नाहीत. तिन्ही गोष्टी एकाच दुपारी ठरल्या. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते लिहिलेलं नाही. गोष्ट अजून सुरू व्हायची आहे, हसीनाआत्याचा हात ठणठणीत आहे आणि त्याच हाताने ती माझ्या पाठीत धपाटा घालतेय.

"ऊठ की रं बीकॉम! दारात सरकार आलंय."

मी चुरमुऱ्यांच्या पोत्यावरून उठलो. सरकार म्हणजे एक बाई होत्या. स्कूटीच्या आरशाला हेल्मेट अडकवत होत्या.

"मी बिडवे. कामगार खातं. मालक कोण?"

शेडमधले लसूण सोलणारे हात थांबले. ड्रम तेवढा चालू होता. त्यातले चुरमुरे खुळखुळत होते, कारण त्यांना काही कल्पना नव्हती.

जयसिंगपुरात आमचा, म्हणजे मगदूमांचा, भडंगाचा कारखाना. कारखाना म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणायचं. एक लांबडी पत्र्याची शेड, चुरमुरे भाजायचा एक फिरता ड्रम, लसूण सोलणाऱ्या बायका आणि गावभर पसरणारा वास. मी नुकताच सांगलीहून बी.कॉम. होऊन आलो होतो. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 'शासकीय बाबी' माझ्याकडे सोपवल्या होत्या. शासकीय बाबी म्हणजे कुणी आलं की खुर्ची पुसून देणं. मी खुर्ची पुसली.

आण्णा लसणाचे हात धोतराला पुसत पुढे आले.

"मालक असं काही नाही ओ," ते म्हणाले. "घरचंच आहे सगळं."

हे ते खोटं म्हणून बोलले नव्हते. आमच्या शेडमध्ये कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. बायका मला आत्या, काकू, मावशी होत्या. ड्रम चालवणारे सर्जेराव माझे मामा होते. आण्णांनी आयुष्यात कुणाला 'कामावर ठेवलं' नव्हतं. ते म्हणायचे, "ती आता आमच्यात आहे." हे 'आमच्यात' कायद्यात कुठे बसतं हे कुणी विचारलंच नव्हतं. बिडवे मॅडमनी विचारलं.

"घरचं म्हणजे? मला इथं चौदा माणसं दिसतायत."

"चौदाच?" आण्णा मागे वळून म्हणाले. "सुशीला आली नाही वाटतं आज."

"ही माणसं तुमचे कामगार आहेत ना?"

इथे माझं शिक्षण आडवं आलं. आदल्याच दिवशी जेवताना मी आण्णांना सांगितलं होतं की दहा कामगार झाले की नोंदणी, विमा, हजेरी, भरपगारी सुट्ट्या असं सगळं लागू होतं, आणि मोजताना घरची माणसं धरत नाहीत. माझ्या तीन वर्षांच्या फीमधलं आण्णांनी एवढंच लक्षात ठेवलं होतं.

"छे छे," ते म्हणाले. "नातेवाईक."

"चौदाच्या चौदा?"

"एकत्र कुटुंब आहे."

मॅडम खुर्चीत बसल्या. पेन काढलं. "बरं. एकेक सांगा. हे कोण?"

"हा सर्जेराव. माझा मेव्हणा."

"पूर्ण नाव?"

"सर्जेराव यादव," मामा म्हणाले.

"तुमच्या मिसेसचं माहेर यादवांचं?"

"उपाध्यांचं," आण्णा म्हणाले.

"मग सख्खा भाऊ यादव कसा?"

आण्णांनी मामांकडे पाहिलं. मामांचा स्वभाव असा, की कुणी एक प्रश्न विचारला तर ते दोन उत्तरं देतात.

"मला दत्तक दिलतं," मामा म्हणाले.

"कुणाला?"

"यादवांना."

"कधी?"

"ते मला आठवत न्हाई ओ मॅडम. मी लहान होतो."

मॅडमनी लिहून घेतलं. मग तुळसाकाकू झाल्या. त्या आण्णांच्या मावसभावाच्या विधवा निघाल्या. त्यांचे यजमान त्या वेळी बाहेर टेम्पोत पोती भरत होते. मग पेन हसीनाआत्याकडे वळलं.

"तुम्ही?"

"मी ह्यांची भन."

"नाव?"

"हसीना दस्तगीर मुल्लाणी."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी आण्णांच्या गादीवरच्या महावीरांच्या फोटोकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग आण्णांकडे.

"या तुमच्या सख्ख्या बहीण?"

"सख्खी नाही," आण्णा प्रामाणिकपणे म्हणाले. "चुलत."

मॅडमनी 'चुलत' लिहिलं. मी तो शब्द नंतर अहवालात स्वतःच्या डोळ्यांनी वाचलाय.

"हे मला पटलं असं समजू नका," त्या पेन मिटत म्हणाल्या. "पण सगळे एकच सांगतायत. एकानं जरी म्हटलं की मी इथं कामाला आहे, तर गोष्ट वेगळी." आणि त्या थांबल्या. कुणीतरी म्हणेल म्हणून. चौदा माणसं चुरमुऱ्यांकडे बघत उभी राहिली.

जाता जाता त्या ड्रमपाशी वाकल्या. "या साखळीवर जाळी नाही?"

"आहे की."

"कुठं?"

"गच्चीवर. कढीपत्ता वाळत घातलाय."

हेही खरं होतं. मोटरीपासून ड्रमपर्यंत जाणाऱ्या साखळीवर बसवायची लोखंडी जाळी ड्रमसोबत कंपनीतून आली होती. दुसऱ्याच दिवशी कुणाच्यातरी लक्षात आलं की तिच्यावर कढीपत्ता झकास वाळतो. खालून वारा, वरून ऊन. पान असं कुरकुरीत होतं की गिऱ्हाईक विचारतं, काय घालता? धोक्याची वस्तू उघडी पडली असं कुणाला वाटलं नाही. ड्रमवर जाळी फुकट मिळाली असंच वाटलं.

"ती आजच्या आज बसवा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही एकमेकांचे कुणी असा नाहीतर नसा. साखळीला नातं कळत नाही."

"बसवतो की. कढीपत्ता तेवढा वाळू दे."

आण्णांनी भडंगाचा पुडा पुढे केला. मॅडमनी घेतला नाही. सरकारी माणूस भडंग न घेता गेला हे बघून आण्णा त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले.

बाकीचे खुशीत होते. हसीनाआत्याने शेडमधली एकुलती एक खुर्ची ओढली आणि तीत बसली.

"आता सरकारनं लिवून न्हेलंय," ती म्हणाली. "मी लसूण खाली बसून सोलणार न्हाई. आणि आण्णा, चुलत भनीला वाटा किती येतोय?"

"कर्जात निम्मा."

"ड्रमच्या?"

"ड्रमच्या."

"राहू दे मग तुमच्याकडंच."

खुर्ची मात्र तिने सोडली नाही.

कढीपत्ता वाळला नाही. आठवडाभर हवा ढगाळ होती. गरम परात ओढायला आत्या हाताला फडकं गुंडाळायची. त्या फडक्याचं टोक साखळीत गेलं आणि मागोमाग हात. मामांनी बटण इतक्या जोरात ओढलं की ते वायरसकट भिंतीतून निघालं. मी प्रत्येक गोष्टीत विनोद शोधतो, मला तेवढंच येतं. त्या दुपारी नव्हता. मी नंतरही बरेचदा शोधून पाहिला.

मिरजेच्या डॉक्टरांनी हात बघितला. "दोन बोटांच्या आतल्या शिरा तुटल्यात. या दोन-चार दिवसांत जोडल्या तर बोटं मिटतील. नाहीतर हात राहील, मूठ राहणार नाही."

"जोडा," आण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी खर्च सांगितला. ऑपरेशन, मग पुढे कितीतरी महिने बोटांचे व्यायाम. आण्णा बाकावर बसले. 

"आण्णा," आत्या कॉटवरून म्हणाली, "भडंग डाव्या हातानं पन ढवळता येतंय."

"गप पड."

ते बाहेर गेले आणि व्हरांड्यात उभं राहून त्यांनी ड्रमवाल्याला फोन लावला. वापरलेला ड्रम परत घेणार का, घेतला तर काय देणार, असं ते हळू आवाजात विचारत होते. ड्रम गेला म्हणजे शेड बंद, आणि आमच्या एकत्र कुटुंबाच्या चौदा चुली थंड. दारात उभ्या सर्जेरावमामांना ते ऐकू येत होतं.  एकही उत्तर न देणारे मामा मी पहिल्यांदा बघत होतो.

मला तेव्हा कामगार विमा आठवला. कामावर इजा झाली तर उपचार, शिवाय बरं होईपर्यंत पगारातला मोठा हिस्सा. मालकानं नाव नोंदवलं नसलं तरी कामगाराचा हक्क बुडत नाही, मालकाकडून ते नंतर वसूल करतात. माणूस कामगार असला म्हणजे झालं. मी विम्याच्या ऑफिसात धावलो. तिथले गृहस्थ भले होते. त्यांनी सगळं ऐकलं, कामगार खात्यात फोन केला, "हो का? असं का?" म्हणाले आणि फोन ठेवला.

"काम झालं असतं हो," ते म्हणाले. "पण या बाई कामगार नाहीत. गेल्याच आठवड्यातला अहवाल आहे. तुमच्या आत्या आहेत."

"त्या तशा आत्या नाहीत."

"चुलत म्हणाले ते."

"सर, त्या कुणीच नाहीत!"

"मग ज्यांनी अहवाल लिहिलाय त्यांच्याकडून तसं लिहून आणा. आजउद्यात आणलंत तर लगेच ऑपरेशनला पाठवतो."

घरी येऊन मी आण्णांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मी सांगायचं, की मी खोटं बोललो?"

"हो."

"दंड बसेल?"

"बसणार."

"आत टाकतील?"

"तो धडा मी ऑप्शनला टाकला होता, आण्णा."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "ड्रम गेला तर सगळे बसून राहतील. मी आत गेलो तर मी एकटाच बसून राहीन. लाव फोन त्या बाईंना." आणि फोनवर ते स्वतः बोलले.

दुसऱ्या दिवशी मॅडम यायच्या आधी मी शेडमध्ये सगळ्यांना उभं करून तालीम घेतली. "आजपासून नातं बंद. मामा नाही, आत्या नाही, काकू नाही. नावानं हाक मारायची. मला सन्मतीसाहेब म्हणायचं."

"सन्मतीसाहेब," मामा म्हणाले, "न्हारी केलीस का रं?"

"केलीस नाही. केलीत."

"केलीत का रं?"

तुळसाकाकूंना आण्णांना 'मालक' म्हणायचं होतं. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा त्यांना हसू आलं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायला लागल्या. तालीम मी तिथेच बंद केली.

हसीनाआत्याला घरी थांब म्हटलं होतं. ती आलीच. हात गळ्यात अडकवलेला, आणि बसली पुन्हा त्याच खुर्चीत.

बिडवे मॅडमनी या वेळी हेल्मेट आरशाला अडकवलं नाही. हातात धरूनच आत आल्या. आत्याचा हात बघितला. मग साखळी बघितली. साखळीवर जाळी होती. तिला अजून कढीपत्त्याचा वास येत होता.

"आता बसवली," त्या म्हणाल्या.

"आता," मामा म्हणाले.

आण्णा पुढे झाले. धुतलेला सदरा घातला होता. तुरुंगात जायचंच झालं तर बरं दिसावं म्हणून असेल. "मॅडम, मागल्या खेपेला मी खोटं बोललो. ही माझी कुणी नाही."

शेवटचे शब्द मॅडमना ऐकूच गेले नाहीत. त्यांना ते परत म्हणावे लागले. हसीनाआत्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मॅडम बसल्या नाहीत. "मगदूम, गेल्या आठवड्यात इथं सगळे नातेवाईक होते. आज कुणीच कुणाचं नाही. असं नुसत्या बोलण्यावर मी अहवाल फिरवला तर वरचे मला घरी पाठवतील. मला काहीतरी धरायला द्या. पगारपत्रक?"

"नाही."

"हजेरी?"

"त्या खांबावर खडूनं. आठवडा झाला की पुसतो."

"पगार बँकेतून?"

"हातात देतो. खर्चाला घे म्हणतो."

"घरच्या बाईला देतात तसा."

"तस्साच," आण्णा म्हणाले, आणि आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "ठीक आहे. मला अशी एक गोष्ट सांगा, जी मालक करतो आणि भाऊ करत नाही. एकच."

सगळे विचार करायला लागले. चौदा माणसं इतका विचार करत असलेली मी परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा पाहिली नव्हती.

"आरडाओरडा करतात लई," मामा म्हणाले.

"भाऊ करत नाहीत?"

"सुट्टी देत न्हाईत," तुळसाकाकू म्हणाल्या.

"कुठल्या भावानं बहिणीला घरकामातनं सुट्टी दिलीय?"

"नियंत्रण आणि देखरेख," मी म्हणालो. हे पुस्तकात होतं. मालक हुकूम सोडतो आणि कामगार ऐकतो, त्यावरून नोकरी ओळखायची.

"हं. हे बरोबर," मॅडम म्हणाल्या. "दाखवा."

आण्णांनी छाती भरून श्वास घेतला. आवाज शक्य तितका जाड केला. "हसीना! ऊठ! मॅडमना चहा टाक!"

आत्याने गळ्यातल्या हाताकडे पाहिलं. मग आण्णांकडे.

"तुम्हीच टाका की. आणि आलं बरं किसा, मागल्या टायमाला नुसतं पानी होतं."

आण्णा गेले. खरंच गेले. स्टोव्ह पेटला, आलं किसल्याचा आवाज आला, आणि मग तो आवाज एकदम थांबला. आत आण्णांच्या लक्षात आलं असावं.

"नियंत्रण: आढळले नाही," मॅडमनी लिहिलं.

चहा चांगला झाला होता. तो सगळ्यांनी अंत्ययात्रेहून आल्यासारखा प्यायला. कप खाली ठेवून मॅडम हेल्मेट उचलत म्हणाल्या, "मला मनापासून वाईट वाटतंय. पण मी जे बघितलं त्यावरून या तुमच्या बहीणच आहेत."

"जाऊ द्या," आण्णा म्हणाले. ते आत्याकडे वळले. "हसीना, ड्रमवाला संध्याकाळी येतोय. मी तुझा भाऊ आहे ना? मी बघतो."

आणि हसीनाआत्या भडकली. ती खुर्चीतून अशी उठली की खुर्ची मागे कलंडली.

"भाऊपन मला सांगू नका आण्णा! ड्रम विकून ह्या सगळ्यांच्या पोटावर पाय आनणार, आणि त्याचं पाप माझ्या हातावर ठेवणार! भाऊ म्हणं! गेल्या भाऊबीजेला ओवाळलं तर ताटात काय टाकलं? माझ्या रुखसानाच्या बाळंतपणाला गेले ते खाडे कापून टाकलं!"

मॅडमचं हेल्मेट डोक्यापर्यंत गेलं होतं. ते तिथेच थांबलं.

"काय कापून?"

"खाडे!"

"ओवाळणीतून?"

"दर साली कापत्यात!"

हे मला सांगायला हवं. आमच्याकडे दिवाळीचा बोनस कधी बोनस म्हणून दिला गेला नाही. भाऊबीजेला सगळ्या बायका शेडमध्ये यायच्या, आण्णांना पाटावर बसवून ओवाळायच्या, आणि आण्णा प्रत्येकीच्या ताटात पाकीट टाकायचे. पाकिटं कमीजास्त जाडीची असायची. मी लहानपणापासून समजत होतो की ते प्रेमावर आहे.

"असं काही नाही," आण्णा दुखावून म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा आहे. खांब पुसला तरी खाडे मी तोंडपाठ ठेवतो. तुळसाचे पण कापले."

"माझा अर्धा दिवस पन कापला," तुळसाकाकू म्हणाल्या. "दाढ काढायला गेलते."

मॅडमनी हेल्मेट हळूच खाली ठेवलं. कलंडलेली खुर्ची सरळ केली, आत्याला बसवलं, आणि स्वतः पोत्यावर बसल्या.

"मगदूम, तुम्हाला सख्खी बहीण आहे?"

"आहे की. कोथळीला दिलीय."

"ती भाऊबीजेला येते?"

"दर वर्षी."

"तिच्या ओवाळणीतून किती कापता?"

आण्णा चिडले. इतका वेळ खाली मान घातलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी मूर्ख प्रश्न विचारला होता. "तिच्यातनं कशाला कापीन मी? ती काय कामाला येते?"

ड्रम बंद होता, त्यामुळे ते वाक्य शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

बिडवे मॅडमनी पेन उघडलं. "हे परत म्हणा," त्या म्हणाल्या. "सावकाश."

आण्णांनी परत म्हटलं. म्हणता म्हणता त्यांना ते कळत गेलं, आणि शेवटच्या शब्दाला त्यांचा चेहरा असा झाला, की जणू कुणीतरी आतून खिडकी उघडली.

"म्हणजे मी मालक?"

"पक्के."

"आणि ही?"

"कामगार. पहिल्या दिवसापासून. या सगळ्याच." मॅडम लिहीत होत्या. "भावाच्या ओवाळणीत खाडे नसतात. अजून एवढा चिक्कू मालक मी पाहिला नाही, पण पुरावा म्हणून उत्तम आहात."

मामांनी टाळ्या वाजवल्या. तुळसाकाकूंनी सगळ्यांना ओळीने मिठ्या मारल्या, मॅडमनाही. आण्णा मटकन चुरमुऱ्यांच्या पोत्यावर बसले आणि ते पोतं इतकं दबलं की आतून लांब फुसका आवाज आला. हसीनाआत्या हसायला लागली. हसताना हात हलला म्हणून ओय ओय करत हसायला लागली. मी माझ्या वडिलांचा कंजूषपणा आयुष्यभर सोसलेला माणूस. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"दंड होईल," मॅडम सांगत होत्या. "मागची सगळी वर्गणी भरावी लागेल. हजेरी, पगाराच्या पावत्या, आठवड्याची सुट्टी, ओळखपत्रं."

"होऊ दे, होऊ दे," आण्णा प्रसाद घेतल्यासारखी मान हलवत होते.

"हप्ते करून मिळतील. आणि जाळी कुणी काढली तर मी स्वतः येऊन सील लावीन."

"लावा, लावा."

जाताना त्यांनी भडंगाचा पुडा मागितला. आण्णांनी दोन दिले. त्यांनी एकच घेतला, पैसे काढले आणि बिल मागितलं. आमच्याकडे बिलबुक नव्हतं.

"तेही करा," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

संध्याकाळी ड्रमवाला आला. त्याला चहा देऊन परत पाठवला.

आत्याच्या शिरा दुसऱ्याच दिवशी जोडल्या. बोटं बरी व्हायला वेळ लागला. घरबसल्या पैसे येतात हे तिला इतकं संशयास्पद वाटायचं की ती अधूनमधून शेडमध्ये येऊन खुर्चीत बसायची आणि लसणावर देखरेख करायची. कढीपत्ता आम्ही वर्तमानपत्रावर वाळवायला लागलो. तितका कुरकुरीत होत नाही.

त्या दिवाळीला बोनस रीतसर प्रत्येकीच्या बँकेत गेला. भाऊबीजेच्या सकाळी आण्णा सदरा घालून शेडमध्ये उगीच इकडेतिकडे करत होते. आता कोण कशाला येतंय, पैसे तर पोचले, असं दोनदा म्हणाले. पाट मात्र त्यांनी स्वतःच मांडून ठेवला होता.

हसीनाआत्या पहिली आली. ताट डाव्या हातात. ओवाळलं. आण्णांनी पाकीट टाकलं. आत्याने ते तिथेच, उजव्या हाताने उचललं. बोटं एकेक करून, सावकाश, पाकिटावर मिटली. सगळे श्वास धरून बघत होते. तिने ते उघडलं, आत पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आण्णा, चुकलंय. भरून हाय. माझे खाडे तर सगळ्यांत जास्त हायत औंदा."

"ते बोनसाचं कायदा बघेल," आण्णा म्हणाले. ते तिच्याकडे न बघता निरांजनाची वात सारखी करत होते. "ही ओवाळणी आहे. हिच्यात खाडे नसतात."

आता कारखाना मी चालवतो. हजेरी यंत्रावर होते, जाळी साखळीवर आहे आणि बिलबुकं तीन आहेत. मॅडमची बदली होऊन गेली, पण त्यांचा दुसरा अहवाल खात्यात अजून आहे. त्यात एक ओळ अशी आहे: 'मालक व कामगार यांच्यात कोणतेही नाते आढळले नाही.' ती वाचली की हसीनाआत्याचा चेहरा उतरतो. म्हणून दर भाऊबीजेनंतर मी खात्याला एक अर्ज पाठवतो. यंदाचा असा आहे.

*प्रति, मा. कामगार अधिकारी.*

*विषय: रद्द झालेले नाते परत मिळणेबाबत.*

*महोदय, वरील अहवालातील 'कोणतेही नाते नाही' हा निष्कर्ष कायद्यास धरून असून त्याबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही. दंड भरलेला आहे. तथापि, श्रीमती हसीना दस्तगीर मुल्लाणी या नोंदणीकृत कामगार असून शिवाय माझ्या आत्या आहेत, ही बाब तपासात राहून गेली आहे. सदर आत्या बऱ्या झालेल्या हाताने आजही अर्जदाराच्या पाठीत धपाटे घालतात. त्यास कामावरील इजा धरू नये, कारण ते नात्यातून घातले जातात. सबब, विम्यास, बोनसास व रजेस कोणतीही बाधा न येऊ देता, त्यांच्या नावापुढे 'चुलत' हा शब्द पूर्ववत लिहून मिळावा. शक्य असल्यास या वेळी 'सख्खी' असे लिहावे, ही नम्र विनंती.*